रुक्मिणीचे बारा गोळे आणि अल्फियाची ईदी

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं, आता इतक्या वर्षांनी कुठून कळणार. मशीनवर माझी शिवण दोरी धरल्यासारखी सरळ येते, पण कागदावर ओळ उतरणीला लागते आणि शेवटचे शब्द खाली लोंबतात. ही वही अल्फियाची चौथीतली आहे. मागची पानं कोरी होती म्हणून घेतली. कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घाला.

लिहायचं कारण एवढंच, की परत आल्यावर शेजारच्या सुमनवहिनींनी नळावर सगळ्यांसमोर विचारलं, "काय काय बघितलंस गं नसीम? आमी काय जाणार न्हाई तिकडं, सांग की." मी म्हणाले, "हत्ती बघितले. चांगलं होतं." बस्स. चार माणसं माझ्याकडं बघायला लागली की शब्द घशाच्या खालीच राहतात. हंडा घेऊन घरी आले आणि मग वाईट वाटलं. एवढं बघून आले आणि चार शब्दांत संपवलं.

आम्ही वडूजचे. यांचं गाद्या भरायचं दुकान आहे. कापूस पिंजायचं काम यांचं, खोळी आणि अभ्रे शिवायचं माझं. शाळा सुरू होताना गणवेशही शिवते. घरात आम्ही मुसलमानी बोलतो, बाहेर मराठी. इथं सगळं मराठीतच लिहिते. अल्फिया दहा वर्षांची आहे, अयान सहाचा.

हत्ती बघायला जायचं कारणही लिहिलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्यात ईदला पोरांना मोठी माणसं पैसे देतात, ती ईदी. पोरं दिवसभर नोटा मोजत फिरतात आणि संध्याकाळी आई म्हणते, "हरवशील, माझ्याजवळ ठेव." पोरं ठेवतात. ते पैसे परत आलेले मी तरी बघितले नाहीत. माझ्या अम्मीनं घेतलेली ईदी मला अजून मिळालेली नाही आणि मी मागितलीही नाही. पण अल्फिया तशी नाही. तिची तीन वर्षांची ईदी माझ्या कपाटात बिस्किटाच्या डब्यात होती, अठराशे पन्नास रुपये. तिला हत्तीला हात लावायचा होता, त्यासाठी साठवत होती. गेल्या वर्षी ऐन गणवेशाच्या दिवसांत माझ्या मशीनची मोटर जळाली. मी डबा उघडला, मोटर आणली. तिला विचारलं नाही.

तिला कळलं तेव्हा ती भांडली नाही. वहीत लिहून ठेवलं, 'अम्मीकडून येणे १८५०'. या वर्षीची ईदी तिनं माझ्याकडं दिलीच नाही. कुठं ठेवलीस विचारलं तर "हाय" एवढंच. तेही चाललं असतं. पण मी म्हणायचे, "आज संध्याकाळी भजी करते," तर ती म्हणायची, "बघू." मी म्हणायचे, "रविवारी फ्रॉक पुरा करते," तर "बघू." पोरगी आईला 'बघू' म्हणायला लागली की भाकरी गोड लागत नाही.

म्हणून मिरजेच्या आपाचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणाले. आपा माझी थोरली बहीण, रुबीना. तिचे मालक, म्हणजे आमचे दस्तगीर दुलाभाई, तासगावचा बेदाणा गाडीत भरून शिमोग्याला नेतात आणि येताना सुपारी आणतात. शिमोग्याच्या पुढं नदीकाठी हत्तींचा कॅम्प आहे. आपा म्हणाली, "गाडीत जागा हाय, पोरांना घेऊन ये." मी अल्फियाला सांगितलं, "तुला हत्ती दाखवते. मग आपलं फिटलं."

ती म्हणाली, "बघू."

मिरज

एसटीचा प्रवास लिहीत नाही, अयानला विट्यापासून उलट्या झाल्या एवढंच. पण निघायच्या आधी मी एक हुशारी केली. गर्दीत बटवा मारतात असं सगळे सांगतात. मी पाचशेच्या चार नोटा घेतल्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या आणि लहान उशीच्या कापसात घालून वरून टीप मारली. वरखर्चाला सुट्टे तेवढे बटव्यात ठेवले. पिंजाऱ्याच्या घरात उशी हीच तिजोरी. माझी सासूही असंच करायची. चोर सगळं चोरेल पण जुनी उशी कशाला नेईल?

आपानं रात्रीच बरोबर न्यायचं बांधून ठेवलं होतं. ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा खर्डा, उकडलेली अंडी. दुलाभाई म्हणाले, "शिमोग्याला हॉटेलं न्हाईत व्हय गं? समदं घर बांधून घेतलंय."

आपा म्हणाली, "हॉटेलाचं बिल तुमी देणार असाल तर सोडते गाठोडं."

दुलाभाई गाडीची काच पुसायला गेले.

शिमोग्याची वाट

पहाटेची नमाज झाली आणि निघालो. गाडीत पुढं दोन ओळी सीट होत्या, मागं बेदाण्याची खोकी. गाडीभर बेदाण्याचा गोड वास, दुपारी उन्हानं तो इतका वाढला की अयान म्हणाला, "आपण शिऱ्यात बसलोय."

बेळगावपर्यंत माणसं आपलं बोलणं समजून घेतात. त्यापुढं पाट्या वाचता येत नाहीत. मला गंमत वाटली. मी चौथी शिकलेली आणि बारावी शिकलेले दुलाभाई, आम्ही दोघंही त्या पाट्यांसमोर सारखेच. धाब्यावर चहा घ्यायला थांबलो तर मालकीण आपाला हातवाऱ्यानं विचारत होती, "ऊटा?" म्हणजे जेवण. आपानं भाकरीचं गाठोडं दाखवलं. त्या बाईनं एक भाकरी मागून घेतली, बोटानं वाजवून बघितली आणि आम्हाला तांदळाच्या मऊ भाकरी दिल्या, कापडासारख्या घडी होणाऱ्या. अदलाबदल झाली. पैशांचा विषयच निघाला नाही.

दुपारनंतर मुलूख बदलला. आमच्याकडं बाभळ, माळ आणि लांबवर दिसणारी पवनचक्की. तिकडं सुपारीच्या बागा. झाडं सरळसोट उंच, जणू कुणी हिरव्या छत्र्या काठ्यांना लावून जवळजवळ रोवल्यात. सावली पडते पण सलग नाही, पट्ट्यापट्ट्यांनी. आणि पाणी! आमच्या येरळा नदीत मी वाळूच जास्त बघितली आहे. तिकडं ओढासुद्धा असा वाहतो की कुणीतरी नळ बंद करायचा विसरलं असं वाटतं.

मुक्काम बेदाण्याच्या व्यापाऱ्याच्या घरी, माडीवर. आपाचे गुडघे गाडीत बसून धरले होते. तिच्या कमरेला आधार म्हणून मी माझी उशी दिली होती.

कॅम्प

सकाळी आपा म्हणाली, "माझ्याच्यानं न्हाई बाई चालवत. तुमी जावा." दुलाभाईंनी आम्हा तिघांना कॅम्पच्या दारात सोडलं. म्हणाले, "माल उतरवून दीड-दोनला येतो," आणि गाडी गेली.

तिकिटाच्या खिडकीशी माणसांची रांग होती. मोठ्यांचे एवढे, मुलांचे एवढे, हत्तीला आंघोळ घालायचे वेगळे. तिघांचे मिळून चारशे दहा झाले. मी बटवा उघडला. सत्तर रुपये. मग आठवलं, बाकीचे उशीत. आणि उशी गाडीत, आपाच्या सीटवर, बेदाण्याबरोबर बाजारात.

काय झालं असेल माझं ते ज्यांचं झालंय त्यांनाच कळेल. खिडकीतला माणूस कानडीत काहीतरी म्हणाला, मागचे लोक पुढं सरकले. फोन लावला तर रेंज नाही. मी अल्फियाला म्हणाले, "जरा बाजूला ये."

"काय झालं?"

"पैसे उशीत राहिले."

"आणि उशी?"

"गाडीत."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल 'मला माहीतच होतं.' पण ती रांगेतून बाहेर पडली, झाडामागं गेली आणि कुर्त्याचा खालचा काठ दातांनी उसवायला लागली. आत शंभराच्या नोटा, चार वेळा घडी घालून. या वर्षीची ईदी. मी ती टीप बघितली. बारीक, आतून मारलेली, शेवटी दोन गाठी. हुबेहूब माझी. मी कधी शिकवली नव्हती. बसून बघितली असेल.

"चारशे देते," ती म्हणाली. "वरचे धा तू घाल."

"गाडी आली की लगेच देते."

"बघू," म्हणाली आणि स्वतःच खिडकीपाशी गेली. "तीन द्या. आंगोळ पण." मराठीतच. त्या माणसाला बरोबर कळलं.

आत नदी. काठ गाळाचा, पलीकडं जंगल. हत्ती अजून यायचे होते. रात्री त्यांना पायात लांब साखळी बांधून जंगलात चरायला सोडतात आणि सकाळी साखळी ओढत गेल्याची खूण बघत माहूत त्यांना शोधायला जातात. आमच्याकडं चुकलेली शेळी लेंड्यांवरून शोधतात, तसंच. आधी साखळीचा आवाज आला, मग झाडं हलली, मग ते आले. एकामागं एक, घाई नाही, आवाज नाही. एवढं मोठं जनावर चालताना आवाज करत नाही हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

आमच्या वाट्याला आली ती हत्तीण म्हातारी होती, नाव रुक्मिणी. माहूत पांढऱ्या दाढीचे, डोक्यावर टोपी. मी त्यांना बघितलं आणि तोंडातून आपोआप सलाम निघाला. त्यांनी जवाब दिला आणि म्हणाले, "आओ बेटी, डरो नको. कुछ नै करती ये." आमच्या घरातली बोली! एवढ्या लांब, जंगलात. नाव खलीलचाचा. त्यांचे वडील, आजोबा सगळे हत्तीवरच. मी विचारलं, "हत्तीला कानडी कळतं का?" ते म्हणाले, "इनकू हमारीच जबान समजती."

आणि लगेच दाखवलं. हत्तिणीकडं बघून एकदम दरडावले, "बैठ!"

रुक्मिणी बसायच्या आधी आमचा अयान बसला. तिथंच, गाळात, मांडी घालून. घरी हे असंच दरडावतात, त्याची सवय. सगळा काठ हसला. खलीलचाचा म्हणाले, "ये तो हमारे हाथी से भी होशियार निकला!" अयान रडायच्या बेतात होता, पण हत्तीण खरंच त्याच्या शेजारी बसली. मग तो उठेचना.

पाण्यात ती कुशीवर झोपली. आम्हाला घासायला नारळाचा काथ्या दिला. मी काठावरच उभी राहणार होते, पण अल्फियानं ओढलं. हत्तीची कातडी हाताला गोणपाटासारखी लागते, पण गरम. वरचे केस राठ, तारेसारखे टोचतात. कान आणि सोंडेजवळ गुलाबी ठिपके, धुऊन धुऊन फिकट पडलेल्या चिटाच्या कापडासारखे. आणि डोळा! एवढ्या देहाला एवढासा डोळा, आणि त्यात कसलीच घाई नाही. अल्फिया तिच्या पोटाला दोन्ही हात आणि गाल लावून उभी राहिली. किती वेळ ते मी मोजलं नाही. कुर्ता छातीपर्यंत भिजला होता. मी म्हणाले, "सर्दी होईल." ती म्हणाली, "पोटात गडगडतंय, अम्मी. ऐक." मी कान लावला. खरंच गडगडत होतं, लांबून ट्रक यावा तसं. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो, मध्ये हत्ती. मला वाटलं, झालं. फिटलं आमचं.

आंघोळीनंतर खाणं. नाचणी उकडून नारळाएवढे गोळे करतात. तिकडची माणसंही तेच जेवतात, फक्त लहान. वर गूळ, आणि गवताच्या पेंढीत गुंडाळलेला भात आणि खोबरं. खलीलचाचांनी फळीवर बारा गोळे मांडले, मोठ्यानं मोजून, हत्तिणीच्या समोर. मी विचारलं, "तिच्यासमोर का मोजता?"

"ये गिनती रखती है," ते म्हणाले. "देखना है?"

त्यांनी अकरा भरवले आणि बारावा पाठीमागं लपवला. मग हुकूम दिला, चल. रुक्मिणी हलली नाही. पुन्हा हुकूम. पाय रोवून उभी. सोंड मात्र हळूच खलीलचाचांच्या पाठीमागं गेली. त्यांनी तिला गुळाचा मोठा खडा दिला, माझ्या मुठीएवढा. तिनं तो घेतला, खाल्ला, आणि तशीच उभी राहिली. पोरं टाळ्या वाजवायला लागली. आणखी एक खडा दिला. तोही खाल्ला. हलली नाही. शेवटी बारावा गोळा दिला तेव्हा तो तोंडात घालून शांतपणे वळली आणि झाडाखाली चालायला लागली.

अल्फिया हसून हसून वाकली होती. मग एकदम म्हणाली, "गूळ खाल्ला तरी गोळा सोडला न्हाई!" आणि माझ्याकडं बघितलं.

टोमणा नव्हता तो. तिला खरंच गंमत वाटली होती. पण मला त्यात मीच दिसले. मी तिला हत्ती दाखवला होता. मोठा, गोड गुळाचा खडा. आणि चल म्हणत होते.

परतीची वाट

दोन वाजता आपाला घेऊन गाडी आली. उशी होती. पण एक हमाल जेवणाच्या सुट्टीत तिच्यावर डोकं ठेवून झोपला होता. दुलाभाई सांगत होते, "म्हणत होता, उशी चांगली हाय पण मधी काय तरी टोचतंय." आपाला मी खरं सांगितलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "आगं, मी काल दिवसभर तुझ्या दोन हजाराला टेकून बसले व्हते? सांगायचं न्हाईस? जरा ताठ बसले असते!"

मी गाडीतच उशी उसवली. सगळ्या सीटवर कापूस झाला. चौकात नोट मोडली आणि अल्फियाच्या हातात चारशे ठेवले. तिनं मोजले.

"हे आजचं," ती म्हणाली. "जुनं ऱ्हायलं."

आपा रागावली. "आगं, आईनं एवढं लांब आणलं, हत्ती दाखवला, आणि तू हिशेब करतीस? आमी कवा आमच्या अम्मीला ईदी मागितली?"

अल्फियानं मान खाली घातली. एरवी मी गप्प राहिले असते. आपासमोर मी कधी बोलत नाही, ती थोरली आहे. पण मी म्हणाले, "आपा, तिचं बरोबर हाय. मी न विचारता घेतले. सहल माझ्याकडून. पैसे येगळे."

आपा माझ्याकडं बघतच राहिली. दुलाभाईंनी आरशातून बघितलं आणि म्हणाले, "नसीम बोलली की वं!"  गाडीत आता सुपारीचा वास होता, ओला, तुरट. हुबळीच्या अलीकडं अल्फिया माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. उशी अर्धी रिकामी झाली होती ना.

वडूज

परत येऊन पाच महिने झाले. एकदम द्यायला पैसे नव्हते, आणि थोडे थोडे द्यायचे नाहीत असं मी ठरवलं. बारावा गोळा तुकड्यानं देत नाहीत. एका लग्नाच्या रुखवताचं काम आलं. दोन गाद्यांच्या खोळी, सोळा अभ्रे, तक्क्यांना झालर. यांना मी आधीच सांगितलं, "या कामाचे पैसे घरात येणार नाहीत." ते म्हणाले, "मग कुठं जाणार?" मी सांगितलं. ते हसले, म्हणाले, "माझ्या अम्मीकडं पण माझे निघतात, कुणाकडं मागू?" पण हो म्हणाले.

गेल्या शुक्रवारी पैसे मिळाले. अल्फिया शाळेतून आली, तिनं दप्तर ठेवलं. मी तिला समोर बसवलं आणि एकेक नोट मोठ्यानं मोजून तिच्यापुढं ठेवली. मला हसू येत होतं, तिलाही, पण दोघीही हसलो नाही. पाचशे, हजार, पंधराशे, सतराशे, अठराशे, अठराशे पन्नास. मग वर शंभराची एक कोरी नोट ठेवली. म्हणाले, "ही माझ्याकडून. वर्षभर थांबलीस म्हणून."

तिनं सगळे पुन्हा एकदा मोजले. शंभराची नोट बाजूला काढली आणि माझ्या हातात परत दिली.

"ही ईदला दे," ती म्हणाली. "आता पुरं आलं."

मग वही काढली आणि त्या ओळीवर पट्टी धरून सरळ रेघ मारली.